गप्प पेटी

पेटीच्या पाठीमागचं झाकण मी उघडलं, आतला काळा चौकोनी पॅड दोन बोटांनी ओढून बाहेर काढला, आणि पेटी गप्प झाली. एकदम गप्प! घूंऽऽ नाही, सूंऽऽ नाही. सुनंदावहिनींच्या ओट्यावर हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायका कान लावून पुढे सरकल्या. मग अशा टाळ्या पडल्या की समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"अगं बया, कसली हुशार पोरगी ही!" सुनंदावहिनी म्हणाल्या. "महिना झाला, डास कानात शिरल्यागत वाजत होतं ते. ह्यांना झोप न्हाई, म्हणून मला न्हाई."

"वहिनी, धूळ अडवायला ही बाहेरची जाळी आहे ना, तेवढी पुरे," मी अगदी जाणकारासारखं सांगितलं. "हा पॅड म्हणजे डबल बंदोबस्त. पंख्याला त्याच्यातून हवा ओढायला जोर लागतो, म्हणून ती ओरडते. काढा बिनधास्त."

काढा बिनधास्त. हे माझे शब्द. मी, तेजल खराडे, इयत्ता नववी, मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज बसायचा ती. वक्तृत्वाची ढाल मिळाली आणि मला शोध लागला की मी बोलायला लागले की लोक ऐकतात! त्यानंतर मला कोण थांबवणार होतं? या पेट्या बनवणाऱ्या कंपनीनं आमच्या कुमठाळ्यात त्या घरोघरी द्यायचं ठरवलं तेव्हा गावातून एक 'पेटीदूत' हवा होता. शाळेनं माझं नाव दिलं. सांगलीला दिवसभराचं प्रशिक्षण झालं. त्यात पॅडबद्दल काहीतरी सांगितलं होतं खरं. पण तेव्हा मी मागच्या बाकावर माझं संध्याकाळचं आभाराचं भाषण मनात घोळवत बसले होते.

पेटी म्हणजे इंधनघट. बायकांना मी असं समजावायचे: एका बाजूनं हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं आपली साधी हवा. मधे कागदाहून थोडा जाड पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचे बारीक बारीक कण. त्या कणांवर हायड्रोजनचे तुकडे होतात. त्यातला एक भाग पडदा ओलांडून सरळ पलीकडे जातो. दुसऱ्या भागाला, म्हणजे इलेक्ट्रॉनला, पडदा वाट देत नाही, म्हणून त्याला तारेतून लांबचा वळसा घ्यावा लागतो. तो वळसा म्हणजे तुमची वीज! पलीकडे सगळे पुन्हा हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि त्यांचं पाणी होतं. जाळ नाही, धूर नाही. हायड्रोजन कुठून? आपल्याच माळावरच्या सौरपट्ट्या पाणी फोडून तो बनवतात. तो धातूच्या भुकटीत मुरवून डब्यात भरतात, स्पंजात पाणी मुरावं तसा. दूध घालायला डेअरीत गेलात की रिकामा डबा द्या, भरलेला घ्या. संध्याकाळी लाइनची वीज गेली तरी घरात उजेड.

एवढं सांगूनही आमच्या गल्लीत एक घर राहिलं होतं. मैमूनचाचीचं.

मैमून मुलाणी म्हणजे अंडी उबवणारी चाची. देशी कोंबडीची पिल्लं घ्यायला तासगावकडून माणसं तिच्याकडे येतात. तिनं पेटीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, "जाळ न्हाई, धूर न्हाई, आता आवाजबी न्हाई म्हणतीस. मग ते मुडदं करतंय तरी काय आत?"

"चाची, वीज करतंय! आणि वर ऊबही देतं. हात लावून बघा. ही ऊब फुकट जाते. तीच नळीनं तुमच्या उबवणीच्या कपाटात नेऊ. अंड्यांना कशी, कोंबडीच्या पोटाखालची ऊब."

"कोंबडी दगा देत न्हाई, तेजल."

"पेटीपण नाही देणार. माझ्या शब्दावर घ्या."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी मी तिच्याच अंगणात पिल्लांमागे धावून गुडघे फोडून घ्यायचे. "तुझ्या शब्दावर," ती म्हणाली, आणि अंड्यांना ऊब द्यायचं जुनं बल्बचं खोकं तिनं भाच्याला देऊन टाकलं. पॅड मीच तिच्यासमोर काढला. गप्प पेटी पाहून ती हसली. त्या काळ्या पॅडचं तिनं पाटा डुगडुगतो म्हणून त्याखाली टेकण केलं. सुनंदावहिनींनी त्यानं तवा घासला. कुणी कुणी चपलेत घातला. गावभर माझी युक्ती पसरली आणि कंपनीच्या नकाशावर कुमठाळं हिरवंगार झालं: 'स्वीकार उत्तम'.

मग बेदाण्याचा हंगाम आला.

आमच्याकडे फेब्रुवारी लागला की माळावरच्या शेडमधे रॅकवर द्राक्षं पसरतात. बेदाणा काळा पडू नये, पिवळा-हिरवा दिसावा म्हणून रॅकला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात आणि आत गंधक जाळतात. ती धुरी गावावरून जाते. बाहेरचा माणूस खोकतो, डोळे चोळतो. आम्हाला मात्र तो वास येतच नाही, इतका तो आमचा आहे. गावात सगळ्यात मोठी शेड माझ्या आप्पांची.

एका सकाळी मी वेणी घालत होते, तेवढ्यात चाची दारात उभी. पायात चप्पल नाही.

"तेजल, पेटी दमलीया गं. चल."

मी धावले. कपाटाच्या काचेमागचा दिवा पिवळट झाला होता आणि आतला पंखा कण्हत होता. मी डबा बदलला. काही नाही. तारा दाबल्या. काही नाही. पेटीच्या अंगाला हात लावला. एरवी ती भाकरीच्या टोपल्यासारखी उबदार लागायची, आता कोमट. चाचीनं कपाटावर दोन गोधड्या घातल्या होत्या. एकेक अंडं काढून ती मोबाइलच्या उजेडासमोर धरत होती.

"हे बघ. हलतंय." कवचाआड लालसर जाळं होतं आणि मधे एक काळा ठिपका थरथरत होता. तिनं दुसरं उचललं. ते नुसतं गढूळ होतं. तिनं ते बाजूच्या पाटीत ठेवलं. त्या पाटीत आणखीही होती.

"होईल ठीक, चाची," मी म्हणाले. "डब्याचा प्रॉब्लेम असणार."

असं का म्हणाले? मला माहीत नव्हतं ना! पण मला माहीत नाही असं म्हणायची सवयच मोडली होती माझी.

दुपारपर्यंत कळलं, सुनंदावहिनींची पेटी दमलीय. डेअरीची दमलीय. जिथं जिथं मी टाळ्या घेतल्या होत्या, तिथं तिथं.

दोन दिवसांनी कंपनीच्या घरडे मॅडम आल्या. नागपूरच्या, उंच, कपाळावर गॉगल. गाडीतून उतरल्या उतरल्याच त्यांनी नाकाला रुमाल लावला. "अरे बापरे! हा वास कायचा?"

"कसला वास?" मी खरंच विचारलं.

चाचीच्या घरी त्यांनी पेटीला मीटर जोडला, मीटरच्या पडद्यावरची खाली घसरत गेलेली रेघ पाहिली आणि मान हलवली. "गंधक आहे हे. धुरीच्या हवेत सल्फर डायऑक्साइड असते ना, ती आत येऊन प्लॅटिनमवर बसली. खुर्च्या पकडून बसल्यासारखी. ऑक्सिजनला बसायला जागाच नाही मिळाली, तर पेटी चालेल कशी? त्याच्यासाठीच तर आम्ही कोळशाचा पॅड देतो. गंधक त्याच्यात अडकते." त्या थांबल्या. "पॅड होता ना आत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचीनं झाकण उघडून दाखवलं. आत पॅड! जागच्या जागी, स्वच्छ.

"कायम आत असतो की, मॅडम," चाची त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "ह्या पोरीनं पहिल्या दिवशीच बजावलंय, पॅडला हात लावायचा न्हाई. लई कडक हाय आमची तेजल."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "शाब्बास."

पाटा एका बाजूला कललेला मला दिसत होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळत होते, आणि पाटीतल्या अंड्यांकडेही.

घरोघर तेच झालं. तपासणी येणार कळल्यावर बायकांनी पॅड शोधून काढले होते, पावडरीनं धुऊन, उन्हात वाळवून परत बसवले होते. सुनंदावहिनींच्या पॅडला तर भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास येत होता. "होता ना?" "होता की." "काढला कधी?" "छे! तेजल जीव घेईल." सगळ्या मला झाकत होत्या आणि डोळ्यांनी मला खूण करत होत्या, काळजी करू नको म्हणून. आणि मी, गावची मोठी वक्ती, दप्तराचा पट्टा पिळत मॅडमच्या मागे मागे फिरत होते.

गाडीपाशी मॅडम म्हणाल्या, "वाईट वाटते गं. पॅड असूनही गंधक आत जात असेल, तर बेदाण्याच्या पट्ट्यात आपली पेटी चालणार नाही. पॅड पुण्याला तपासायला पाठवते मी, पण वरून आदेश आहे, तोपर्यंत पेट्या उचलायच्या. उद्या सकाळी टेम्पो येईल. आजूबाजूच्या गावांचंपण रद्द."

"आणि समजा..." मी विचारलं. "समजा कुणी पॅड काढला असता, तर?"

"मग पेटीचा दोष कुठे राहिला? नवीन पॅड घालायचा, शुद्ध हवेवर पेटीला जोर द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. गंधक निघून जाते बरेचसे. पुष्कळ पेट्या उठतात. पण मला खोटं वाटत नाही, इतक्या बायका कशाला खोटं बोलतील?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का गं? असं काही आहे का?"

बघा, प्रश्न माझ्या हातात दिला होता त्यांनी. ताटात वाढून. उत्तर दिलं असतं तर त्याच संध्याकाळी पेटी सुरू झाली असती आणि त्या कपाटात अजून हलणारे ठिपके होते.

"नाही, सहज," मी म्हणाले.

घरी आई भाकरी थापत होती. तिला सगळं ठाऊक होतं. पॅड परत बसवायचा निरोप घरोघर तिनंच फिरवला होता.

"आई, मी सांगणार आहे."

"काय सांगणार?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "अख्ख्या गावानं तुला पदराखाली घेतलंय. आता तू उठून म्हणणार, ह्या बायका खोटारड्या? सुनंदा कुणाकुणाला तोंड दाखवील? मैमूनभाभीनं तर तुझ्यासाठी डोळ्याला डोळा भिडवला."

"तिची अंडी मरतायत, आई."

"ती पेटीमुळं मरतायत."

"माझ्यामुळं."

भाकरी करपली तरी आईचं लक्ष नव्हतं. आप्पा शेडवरून आले, मोरीत हात धूत राहिले. त्यांच्या हाताचा वास मला त्या दिवशी पहिल्यांदा आला. तिखट, नाकात घुसणारा. मी जेवले नाही. पण मी चाचीकडेही गेले नाही, मॅडमना फोनही केला नाही. मनात म्हणाले, सकाळी सांगू. सगळ्यांसमोर सांगू. खरं सांगते, त्यातही थोडं भाषण होतंच! कशी उभी राहीन, पहिलं वाक्य काय म्हणेन, हे मी पांघरुणात ठरवत होते. लाज वाटते, पण ठरवत होते.

सकाळी डेअरीच्या आवारात टेम्पो उभा. सात-आठ पेट्या आधीच ओळीनं मांडलेल्या. बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या. घरडे मॅडमनी डेअरीचा माइक घेऊन दिलगिरी सुरू केली: कंपनीला खेद आहे, तंत्रज्ञान अजून या भागासाठी तयार नाही...

"तयार आहे!" मी ओरडले. ठरवलेलं पहिलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "पेटीत काहीच खोट नाही, मॅडम. पॅड नव्हते आत. मी काढायला लावले. आवाज येतो म्हणून. प्रशिक्षणात तुम्ही सांगितलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. मला वाटलं धुळीचा आहे. मी विचारलं नाही कुणाला. बायका फक्त मला वाचवायला खोटं बोलल्या. त्यांचं काही नाही यात."

दुधाच्या कॅनचं झाकण कुठंतरी खणखणलं.

"आगं पण," सुनंदावहिनी एकदम उसळल्या, "आता सांगायचं हुतं तर काल आमाला तोंडघशी कशाला पाडलंस? तवा घासलेला पॅड मी दोनदा धुतला गं तुझ्यासाठी! मॅडमपुढं शपथ घेतली मी!"

"पेटी न्यायची का ठेवायची तेवढं सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी कपाळावरचा गॉगल काढून हातात घेतला. "ठेवायची," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, आणि सुटकाही. "माझ्या गाडीत नवीन पॅड आहेत. तेजल, काल मी तुला विचारले होते."

"हो."

तेव्हा मैमूनचाची पुढे आली. मला वाटलं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. इतकी मी मूर्ख.

"काल विचारलं हुतं?" तिनं हळू विचारलं. "म्हंजे काल सांजच्याला तुला ठावं हुतं, पेटी उठती म्हणून?"

"हो, चाची."

"रात्री आठ अंडी गेली. मी पोटाशी धरून बसले हुते." ती एवढंच म्हणाली. तिनं ओळीतली आपली पेटी उचलली, डोक्यावर घेतली, आणि चालू लागली. कुणी मदतीला गेलं तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

पुढचे दिवस पेट्या उठवण्यात गेले. मॅडमनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, माळाच्या टोकावर तंबू टाकला. तिथं गंधक पोचत नव्हतं. तिथं पेट्यांना जोर द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. मीटरच्या पडद्यावरची रेघ वर चढायची, पडायची, पुन्हा थोडी जास्त चढायची. चाचीची पेटी मॅडमनी स्वतः तिच्या घरून आणून सर्वांत आधी लावली. ती पूर्ण नाही उठली, पण कपाटापुरती उठली. तोवर कपाटाला आप्पांनी शेडवरच्या जनरेटरची वायर लांबून ओढून दिली आणि धुरी तेवढ्यापुरती थांबवली. त्यांच्या एका खेपेचा माल काळपट पडला. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

गावात पेट्या आता पुन्हा वाजतात. घूंऽऽ. कुणी कुरकुरत नाही. पण मी काही सांगायला लागले की बायका मधेच म्हणतात, "मॅडमना इचारलंस का?" डब्याचं झाकण कुठल्या बाजूला फिरतं एवढं साधं सांगतानाही! मी म्हणते, विचारते. आणि खरंच फोन लावते. जिल्ह्याच्या समारंभाला पेटीदूत म्हणून माझा सत्कार होता, तो मीच नको म्हटला. आई म्हणाली, तेवढं तरी घ्यायचं होतंस. मी कोणत्या तोंडानं घेणार होते?

चाचीच्या दारावरून मी रोज शाळेला जायचे. ती अंगणात असली तर आत जायची.

मग एका दुपारी शाळेतून येताना तिच्या घरातून बारीक चिवचिव ऐकू आली. माझे पाय आपोआप उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पिल्लं होती. ओली, विस्कटलेली, एकमेकांवर पडणारी. फार नव्हती. एरवी तो कप्पा पिवळाधमक भरून जायचा. आता मधे मधे रिकामी जागा दिसत होती.

चाची पाठमोरी बसली होती. हातात एक अंडं. त्याला बारीक भोक पडलं होतं, त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. हलायचं, थांबायचं. बराच वेळ थांबायचं.

"सकाळपास्नं एवढंच," ती म्हणाली. मागे वळून न बघता तिनं मला ओळखलं होतं. "बाकीची आली बाहेर. ह्याला थंडी बाधलीया. कवच जरा फोडून मदत करू, का ऱ्हाऊ दे? फोडलं आन् आतली शीर तुटली तर रगत जाईल. न्हाई फोडलं तर दमून मरंल. तू सायन्सवाली. काय म्हणतीस?"

माझ्या तोंडाशी तीन उत्तरं आली, खरंच! एक मी व्हिडिओत पाहिलं होतं. एक कुठंतरी वाचलं होतं. एक तर मी आत्ताच रचलं होतं आणि तेच सगळ्यात छान वाटत होतं.

"मला माहीत नाही, चाची," मी म्हणाले.

ती वळली. चोच पुन्हा हलली, कवचाची एक कपची तिच्या तळहातावर पडली आणि पुन्हा सगळं थांबलं.

"मलाबी न्हाई," ती म्हणाली. तिनं पायानं पाट माझ्याकडे सरकवला. "बस. चप्पल काढून ये आत. बघू काय करतंय ते."